पाण्याचा पडदा : घरातल्या सांडपाण्याच्या नळीचा इतिहास

१/
बेसिनखाली वाकून पाहिले तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. सांडपाण्याची नळी सरळ खाली जात नाही. ती खाली उतरते, वळून पुन्हा वर चढते आणि मगच भिंतीत शिरते. त्या वळणात दोन-तीन इंच पाणी सदैव साचलेले असते. संडासाच्या भांड्यात दिसणारे पाणीही त्याच जातीचे. पाणी वाहून नेण्यासाठी बसवलेल्या नळीत पाणी मुद्दाम अडवून का ठेवतात? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात सव्वादोनशे-अडीचशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. त्याविषयीचा हा थ्रेड.

२/
थोडक्यात उत्तर असे : गटारातली हवा घरात येऊ नये म्हणून. वळणातले पाणी हा घर आणि गटार यांच्यामधला पडदा आहे. ‘दुर्गंधीतूनच रोग होतात’ अशी युरोपातील वैद्यांची, अभियंत्यांची आणि राज्यकर्त्यांची दीर्घकाळ ठाम समजूत होती. आजच्या घरांतील नळ्यांची रचना बव्हंशी त्या समजुतीतून घडली. पुढे समजूत चुकीची ठरली. नळ्या मात्र उपयुक्त ठरल्या. आणि ज्या वायूची धास्ती घरमालकांनी घेतली होती, त्याने खरोखर कोणाचे प्राण घेतले, हे या कथेच्या शेवटी दिसते.

३/
घरातले पाणी उताराने बाहेर काढण्याची कला फार जुनी. इ.स.पू. २५०० च्या सुमारास मोहेंजोदडोतील घरांत भाजक्या विटांच्या न्हाण्या होत्या. त्यांची जमीन एका कोपऱ्याकडे उतरती असे. तिथले पाणी भिंतीतून रस्त्याकडेच्या झाकलेल्या गटारात जाई. मधे मधे खड्डे ठेवलेले असत. गाळ तिथे बसे आणि पाणी पुढे सरके. वरच्या मजल्यावरचे पाणी उतरवण्यासाठी भाजक्या मातीच्या नळ्याही तिथे सापडल्या आहेत. उतार, झाकण आणि गाळाचा खड्डा ही तीन तत्त्वे आजही बदललेली नाहीत.

४/
नंतरच्या काळात मात्र पाणी आणण्याचे जेवढे कौतुक झाले, तेवढे ते घालवण्याचे झाले नाही. मलिक अंबरने खडकी म्हणजे नंतरच्या औरंगाबाद शहरात नहर आणली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी पुण्यात आले. हौद, कारंजी आणि उच्छ्वास यांची वर्णने आपण आवडीने वाचतो. पण त्याच पाण्याचे सांडपाणी झाल्यावर ते कुठे जात असे आणि मैला कोण उचलत असे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. इतिहासाची ही बाजू झाकलेल्या गटारासारखीच राहिली.

५/
आता लंडनकडे वळू. कारण आपल्या घरातील नळ्यांचे बरेचसे नियम तिथून आले. अठराव्या शतकात लंडनच्या घरांचा मैला तळघरात किंवा परसात बांधलेल्या खड्ड्यात साठे. रात्री मजूर येऊन तो उपसत आणि शेतकऱ्यांना खत म्हणून विकत. रस्त्याखालची गटारे पावसाच्या पाण्यासाठी होती. त्यांत घरचा मैला सोडण्यास मनाई होती. व्यवस्था ओंगळ होती, पण मैला सहसा नदीत जात नसे.

६/
इ.स. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने पाण्याने धुतल्या जाणाऱ्या शौचकूपाचे पेटंट घेतले. त्यात भांड्याखालची नळी इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळवलेली होती. तोवरच्या शौचकूपांत खड्ड्यातला वास थेट खोलीत येई. कमिंगच्या वळणात प्रत्येक वापरानंतर थोडे स्वच्छ पाणी मागे उरे आणि वास अडवला जाई. १७७८ मध्ये जोसेफ ब्रामाने या यंत्राची झडप सुधारली. श्रीमंतांच्या घरांत शौचकूप आता शयनगृहाशेजारी आले.

७/
पण या सोयीने नवीच अडचण उभी केली. कोरड्या मैल्यासाठी बांधलेल्या खड्ड्यात आता बादल्यांनी पाणी पडू लागले. खड्डे भरून वाहू लागले. उपसण्याचा खर्च वाढला. १८१५ पासून घरचा मैला गटारात सोडण्यास परवानगी मिळाली. गटारे टेम्स नदीत उघडत होती आणि लंडनच्या अनेक पाणीपुरवठा कंपन्या त्याच नदीतून पाणी उचलत होत्या. पाण्याचा पडदा लावून घराने वास बाहेर ठेवला खरा. पण मैला दुसऱ्या वाटेने पिण्याच्या पाण्यात पोहोचला.

८/
१८३१-३२ मध्ये ब्रिटनमध्ये पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, पहिली साथ आली. रोगजंतूंची कल्पना तेव्हा रुजलेली नव्हती. कुजणाऱ्या पदार्थांतून विषारी वाफ निघते आणि ती श्वासावाटे शरीरात जाऊन रोग होतो, असे बहुसंख्य जाणकार मानत. एडविन चॅडविक हा या मताचा खंदा पुरस्कर्ता. श्रमिकांच्या आरोग्यविषयक परिस्थितीवर त्याने १८४२ मध्ये तयार केलेला अहवाल प्रसिद्ध आहे. दुर्गंधी आणि रोग त्याच्या लेखी जवळजवळ एकच होते. म्हणून उपायही एकच : मैला घरात साठू न देता ताबडतोब वाहून नेणे.

९/
चॅडविकच्या मते त्यासाठी विटांची मोठी, सपाट तळाची गटारे निरुपयोगी होती. त्यांत पाणी पसरते, वेग मंदावतो आणि गाळ साचतो. त्याला हव्या होत्या लहान व्यासाच्या गुळगुळीत नळ्या. १८४६ मध्ये हेन्री डॉल्टनने लंडनच्या लॅम्बेथ भागात अशा नळ्यांचा कारखाना काढला. भट्टी तापली की तिच्यात मीठ टाकत. मिठाची वाफ मातीवर बसून काचेसारखी झिलई तयार होई. अशा नळीत पाणी मुरत नाही, घाण चिकटत नाही, आम्लाने ती झिजत नाही. याच स्टोनवेअरच्या नळ्या पुढे मुंबईपर्यंत पोहोचल्या.

१०/
नळी लहान का हवी, हे समजून घेण्यासारखे आहे. तेच पाणी रुंद पात्रात उथळ आणि संथ वाहते. अरुंद पात्रात खोल आणि वेगाने वाहते. मैला वाहून नेण्यासाठी वेग लागतो. मोठी गटारेही म्हणूनच अंड्याच्या आकाराची, टोक खाली करून बांधू लागले. प्रवाह थोडा असला तरी निमुळत्या तळात त्याचा वेग टिकतो. घरच्या नळीच्या उताराचा ठोकताळाही याच विचारातून आला : चार इंची नळीला चाळीस फुटांत एक फूट उतार, सहा इंचीला साठ फुटांत एक फूट. नळीचा व्यास इंचांत घ्यावा आणि दहाने गुणावे, इतके हे सोपे सूत्र.

११/
१८४८ नंतर लंडनमध्ये घरे गटारांना जोडण्याचा धडाका सुरू झाला. हजारो खड्डे बुजवले गेले. घरांतला वास कमी झाला. टेम्स मात्र गटार बनली. १८४८-४९ च्या साथीत एकट्या लंडनमध्ये चौदा हजारांहून अधिक माणसे पटकीने दगावली. घर स्वच्छ करण्याच्या मोहिमेने पिण्याचे पाणी अधिक नासवले होते. चुकीच्या सिद्धान्ताची ही किंमत होती. ज्यांचा सारा रोख हवेवर होता, त्यांचे पाण्याकडे दुर्लक्ष झाले.

१२/
पाण्याकडे बोट दाखवणारा वैद्य होता जॉन स्नो. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीचा भडका उडाला आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्नोने मृतांची घरे नकाशावर मांडली आणि संशय रस्त्यावरच्या हातपंपावर आणला. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. त्यापुढची गोष्ट एका घराच्या सांडपाण्याच्या मोरीची आहे.

१३/
पंपासमोरच्या ४० क्रमांकाच्या घरात साथीच्या अगदी आरंभी एक तान्हे मूल आजारी पडले होते. त्याचे कपडे धुतलेले पाणी आईने घरापुढच्या खड्ड्यात ओतले. हेन्री व्हाइटहेड या धर्मोपदेशकाने ही नोंद शोधून काढली. गंमत अशी की, तो मुळात स्नोचे मत खोडून काढण्यासाठी चौकशी करत होता. १८५५ मध्ये तिथे खोदकाम झाले. खड्ड्याच्या व मोरीच्या विटा कुजून सैल झाल्या होत्या आणि मैलापाणी झिरपत होते. पंपाची विहीर तिथून तीन फुटांपेक्षाही कमी अंतरावर होती. एका घराच्या गळक्या मोरीने आख्ख्या वस्तीचा घास घेतला होता.

१४/
एवढा पुरावा असूनही अधिकृत आरोग्य मंडळाने स्नोचे म्हणणे मान्य केले नाही. निर्णय शेवटी वासानेच घडवला. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सची दुर्गंधी इतकी असह्य झाली की, नदीकाठच्या संसदभवनात क्लोराइड ऑफ लाइमच्या द्रावणात भिजवलेले पडदे लावावे लागले. वर्षानुवर्षे रखडलेला प्रश्न काही आठवड्यांत सुटला. ऑगस्टमध्ये कायदा झाला आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याकडे शहराच्या भुयारी गटारांचे काम आले.

१५/
बॅझलजेटने नदीला समांतर अशी सुमारे १३२ किलोमीटर लांबीची मुख्य गटारे बांधली. शहराचा मैला वाटेतच अडवून ती त्याला लंडनच्या पूर्वेला खाली नेत. सखल भागात पाणी उचलण्यासाठी वाफेवर चालणारे पंप बसले. १८६६ मध्ये पटकी पुन्हा आली. तिचा मोठा तडाखा पूर्व लंडनलाच बसला, आणि तिथली गटारव्यवस्था अजून पुरी व्हायची होती. दुर्गंधी हटवण्यासाठी खणलेल्या गटारांनी प्रत्यक्षात पिण्याचे पाणी वाचवले होते. कारण चुकीचे होते, काम मात्र योग्य झाले होते.

१६/
शहराचा प्रश्न सुटला, तशी भीती पुन्हा घरात शिरली. आता प्रत्येक घर एका विराट गटारजाळ्याला जोडलेले होते. मग त्या जाळ्यातली हवा नळीवाटे घरात येत असेल तर? १८७१ च्या नोव्हेंबरमध्ये राणी व्हिक्टोरियाचा थोरला मुलगा, प्रिन्स ऑफ वेल्स, विषमज्वराने अंथरुणाला खिळला. स्कारबरोजवळच्या ज्या हवेलीत तो पाहुणा होता, तिथला आणखी एक उमराव आणि राजपुत्राचा एक सेवक दगावले. दोष हवेलीच्या मोऱ्यांवर आला. राजपुत्र बचावला, पण गटारवायूच्या धास्तीने सारा उच्चभ्रू समाज हादरला.

१७/
पुढच्या दशकात घरोघरी मोऱ्यांची तपासणी सुरू झाली. तपासणीची एक रीत मजेशीर होती. छतावरच्या नळीत पेपरमिंटचे तेल आणि गरम पाणी ओतायचे आणि घरात कुठे पेपरमिंटचा वास येतो ते हुंगत फिरायचे. जिथे वास, तिथे गळती. लीड्सचा शल्यवैद्य प्रिजिन टील याने सदोष मोऱ्यांच्या चित्रांचे पुस्तकच काढले. स्टीव्हन्स हेलियरसारख्या कारागिरांनी प्लंबिंगच्या शास्त्रावर ग्रंथ लिहिले. नळ जोडणारा कारागीर आता आरोग्याचा रक्षक ठरू लागला.

१८/
याच काळात वळणातल्या पाण्याच्या पडद्याची दुबळी बाजू लक्षात आली. वरच्या मजल्यावरून पाण्याचा लोंढा उभ्या नळीतून सुटला की, त्याच्यामागे हवेची पोकळी निर्माण होते. ती खालच्या मजल्यावरील वळणातले पाणी ओढून घेते. पडदा फाटतो आणि वास आत येतो. उपाय सोपा होता : उभी नळी छताच्या वर नेऊन उघडी ठेवायची, म्हणजे पोकळी भरायला हवा वरून येईल आणि कोंडलेला वायूही तिथून निसटेल. इमारतींच्या गच्चीवर जाळीची टोपी घातलेल्या ज्या नळ्या दिसतात, त्या यासाठी. बेसिन ‘गुड्‌गुड्’ असा आवाज करू लागले की, अशीच हवा कुठेतरी अडलेली असते.

१९/
भीतीतूनच आणखी एक नियम आला : संडासाची नळी वेगळी आणि न्हाणीघर-स्वयंपाकघराच्या पाण्याची वेगळी. दुसरी नळी गटाराला थेट जोडायचीच नाही. ती जमिनीपाशी एका जाळीवर, मोकळ्या हवेत संपवायची आणि तिथून वेगळ्या वळणामार्गे पाणी गटारात सोडायचे. त्यामुळे गटाराची हवा त्या नळीत चढूच शकत नाही. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या मागच्या भिंतीवर नळ्यांची जी गर्दी दिसते, तिच्यामागे हाच नियम आहे. पायथ्याशी असलेली जाळीची चौकट म्हणजे ‘गली ट्रॅप’.

२०/
मग विज्ञानाने या भीतीवरच प्रश्नचिन्ह लावले. रॉबर्ट कॉखने १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कलकत्ता इथे पटकीचा जंतू ओळखला. तो पाण्यातून पसरत होता. १८८७ मध्ये थॉमस कार्नेली आणि जॉन स्कॉट हाल्डेन यांनी गटारांतली हवा तपासली. संसदभवनाखालची गटारेही त्यांत होती. निष्कर्ष थक्क करणारा होता : गटारातल्या हवेत बाहेरच्या हवेपेक्षा कमी सूक्ष्मजंतू आढळले. ओल्या भिंतींना ते चिकटून राहत होते. वासाने पटकी किंवा विषमज्वर होत नव्हता. पण तोवर नळ्यांचे नियम कायद्यांत आणि कारागिरांच्या हातांत पक्के बसले होते.

२१/
ज्या राजपुत्राच्या आजाराने ही धास्ती वाढवली, तोच १८७५ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत आला. त्याच्या हस्ते कोनशिला बसलेली गोदी ‘प्रिन्सेस डॉक’ नावाने ओळखली गेली. मुंबईची स्थिती लंडनपेक्षा अवघड होती. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले. पाणी आले, पण ते बाहेर नेणारी पुरेशी गटारे नव्हती. सांडपाणी घरांच्या अवतीभवती मुरू लागले. शिवाय भराव टाकून जोडलेल्या या बेटांचा मोठा भाग भरतीच्या पातळीहूनही खाली होता. जिथे जमिनीलाच उतार नाही, तिथे गटाराला उतार कुठून आणायचा?

२२/
शहराचे अभियंता हेक्टर टुलॉक यांचा मुंबईच्या गटारव्यवस्थेवरील ग्रंथ १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. योजना अनेक झाल्या, वादही बरेच झाले. अखेर मैलापाणी पंपाने उचलून समुद्रात सोडण्याची पद्धत आली. वरळीचे लव्ह ग्रोव्ह पंपिंग स्टेशन हे त्यातले ठळक नाव. पण हे जाळे पसरायला दशके लागली. दाट वस्तीच्या भागांत घराची मोरी गटाराला जोडलेली असली, तरी संडास जोडलेला नसे. तिथला मैला माणूसच उचलत असे.

२३/
मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात यासाठी एक खास शब्द आहे : ‘हाउस गली’, म्हणजेच घरगल्ली. सांडपाणी वाहून नेण्यासाठी, किंवा सफाई करणाऱ्यांना संडासापर्यंत पोहोचता यावे यासाठी राखलेली घरांमधली चिंचोळी पट्टी, असा त्याचा आशय. चाळींचे संडास मागच्या बाजूला असत आणि मैला खाली टोपलीत पडे. पहाटे ‘हलालखोर’ त्या बोळात शिरून तो उचलत. कष्टाचे, हक्काचे खाणारा असा या शब्दाचा अर्थ. अकबराने हे नाव रूढ केल्याचा उल्लेख ‘ऐन-इ-अकबरी’त येतो. नाव गौरवाचे होते, पण हे काम अस्पृश्य मानलेल्या जातींवर जन्माने लादलेले होते. घरमालकांकडून घेतल्या जाणाऱ्या कराचे नावही ‘हलालखोर कर’ असेच होते.

२४/
१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. प्रशासनाच्या मनात जुनाच सिद्धान्त घर करून होता : घाण, ओल, दुर्गंधी. समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड यांनी गटारे धुण्याचा सपाटा लावण्यात आला. घरे चुन्याने पोतारली, जमिनी उकरल्या. या वेळी मात्र चुकीच्या सिद्धान्तातून योग्य काम घडले नाही. प्लेग दुर्गंधीतून येत नव्हता. तो उंदरांवरच्या पिसवांतून येत होता. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने ते दाखवले. गटारे धुतल्याने उंदीर घरांकडेच पळाले असावेत, असेही काही इतिहासकारांना वाटते.

२५/
१८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे आणि समुद्राचा वारा शहरात खेळवणे हा त्याच्या कामाचा गाभा होता. इथेही हवेवरचा जुना विश्वास दिसतो. पुढच्या काळातल्या चाळींत प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात मोरी आणि मजल्याच्या टोकाला सामायिक संडास ही रचना सर्वपरिचित झाली. खोलीतल्या त्या मोरीने भारतीय प्लंबिंगला एक शब्द दिला : ‘नहाणी ट्रॅप’. न्हाणीच्या जमिनीत बसणाऱ्या या जाळीदार वळणाचे नाव आज देशभरातल्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांतही तसेच छापले जाते. कमिंगचे वळण आपल्या न्हाणीत आले आणि आपले नाव घेऊन बसले.

२६/
आता पुन्हा त्या गटारवायूकडे. व्हिक्टोरियन घरमालकाची भीती निराधार होती, पण वायू काल्पनिक नव्हता. मैला हवेविना कुजतो तेव्हा हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतात. बंदिस्त जागेत प्राणवायू घटतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो. मात्र त्याचे प्रमाण वाढले की, तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. म्हणजे दुर्गंधी जाणवेनाशी होते, तेव्हाच मृत्यू सर्वांत जवळ असतो. घरात पाण्याच्या पडद्याआड बसलेल्या माणसापर्यंत हा वायू घातक प्रमाणात क्वचितच पोहोचतो. मॅनहोलमध्ये उतरलेल्या माणसाला मात्र तो काही श्वासांतच गाठतो.

२७/
भारतात हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, पण त्याचा रोख मुख्यतः कोरड्या संडासांवर होता. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना गटारात आणि सेप्टिक टाकीत माणूस उतरवणेही गुन्हा ठरवले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपयांची भरपाई ठरवली. २०२३ मध्ये ती ३० लाख केली. तरीही टाक्या साफ करताना गुदमरून मेलेल्या कामगारांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. घरगल्लीत शिरणारा आणि मॅनहोलमध्ये उतरणारा यांच्यामध्ये शतकाहून अधिक काळ लोटला. पण उतरणारा माणूस आजही बहुधा त्याच समाजघटकांतून येतो.

२८/
नळीच्या इतिहासाने दोन गोष्टी शिकवल्या. एक : चुकीच्या समजुतीतूनही टिकाऊ व्यवस्था उभी राहू शकते, मात्र त्याच समजुतीवर विसंबून राहिले तर पुढच्या संकटात ती फसवते. लंडनची गटारे आणि मुंबईचा प्लेग ही त्याची दोन टोके. दोन : आरोग्याची प्रत्येक सोय कोणत्या बाजूने पाहायची, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. घराच्या बाजूने पाहिले तर १७७५ पासूनची ही कथा यशाची आहे. गटाराच्या बाजूने पाहिले तर ती अजून अपुरी आहे.

२९/
सुट्टीहून परतल्यावर बंद घरात मोरीचा वास येतो, तेव्हा वळणातले पाणी आटलेले असते. तांब्याभर पाणी ओतले की पडदा पुन्हा उभा राहतो आणि वास थांबतो. घरापुरता प्रश्न इतक्यात सुटतो. त्या पडद्यापलीकडे माणूस उतरवावाच लागू नये, एवढे काम या इतिहासात अजून बाकी आहे.

(समाप्त)